उंदराचे अन्नवर्जन व मानवाचे अन्नवर्जन : प्राणि-प्रतिमानांची एक चिकित्सा

अन्न न घेणे या एकाच बाह्य घटनेस मराठीत निरनिराळी नावे आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. एकादशीस जो अन्न टाकतो तो उपवास करतो. दुष्काळात ज्याला अन्न मिळत नाही त्याची उपासमार होते. तापातून उठलेल्याच्या तोंडाची चव गेलेली असते. त्या अवस्थेस आयुर्वेदाने अरोचक म्हटले आहे. रागावलेले मूल ताटावरून उठते तेव्हा ते रुसलेले असते. चौघांच्याही पोटात अन्न नाही, आणि केवळ वजनाच्या काट्यावर चौघांतील भेद कळणार नाही. तो भेद कारणात आहे, हेतूत आहे, आणि भूक आहे की नाही यात आहे. ‘ॲनोरेक्सिया नर्व्होझा’ या विकाराची जीवशास्त्रीय मीमांसा करण्यासाठी गेल्या सुमारे सत्तर वर्षांत प्राण्यांवर जे प्रयोग झाले, त्यांचे मूल्यमापन करताना हा साधा भाषिक विवेक प्रथम ध्यानात ठेवला पाहिजे. पिंजऱ्यातील उंदीर खात नाही एवढे दिसते. तो या चौघांपैकी कोणासारखा वागत आहे, हे दिसत नाही.

विकाराचे नावच मुळात दिशाभूल करणारे आहे. लंडनचे वैद्य विल्यम गल यांनी १८७३ साली वाचलेल्या व १८७४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हे नाव रूढ केले. १८७३ मध्येच पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी अशाच रुग्णांचे वर्णन ‘उन्मादजन्य’ या विशेषणाने केले होते. शब्दशः अर्थ पाहता हा ‘मज्जातंतुजन्य क्षुधानाश’ ठरतो. वस्तुतः या रुग्णांची भूक बहुधा नष्ट झालेली नसते, निदान आरंभी तरी नसते. अन्नाचे विचार त्यांच्या मनात अखंड चालतात; दुसऱ्यांसाठी रांधणे, पदार्थांच्या कृती जमविणे, घासांची मोजदाद ठेवणे हे प्रकार नेहमी आढळतात. जर्मन भाषेत या विकारास ‘मागरझुख्ट’, म्हणजे कृशतेचा ध्यास, असे म्हणतात, आणि ते नाव अधिक यथार्थ आहे. प्रस्तुत विवेचनात ‘क्षुधानाश’ हा शब्द टाळून ‘अन्नवर्जन’ हा शब्द योजिला आहे. विकार किरकोळ नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित अभ्यासानुसार या रुग्णांत दर हजारी वर्षाला सुमारे ५ मृत्यू होतात आणि त्यांपैकी पाचातील एक आत्महत्येने होतो. तेव्हा त्याचे कारण शोधण्याची निकड निर्विवाद आहे. शोधाचे साधन योग्य आहे काय, एवढाच प्रश्न आहे.

प्राणि-प्रतिमानाच्या परीक्षेसाठी १९८४ साली पॉल विल्नर यांनी तीन कसोट्या सुस्पष्टपणे मांडल्या. पहिली बाह्य साम्याची : प्राण्याचे वर्तन रुग्णाच्या वर्तनासारखे दिसते काय? दुसरी कारणसाम्याची : ते त्याच यंत्रणेने घडते काय? तिसरी भाकिताची : प्राण्यात जो उपाय लागू पडतो तो माणसात लागू पडतो काय? यांतील पहिली कसोटी सर्वांत सोपी व सर्वांत फसवी आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेनांपैकी १४ खोडदच्या मध्यवर्ती भागात आहेत आणि १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारातील तीन भुजांवर दूरवर पसरल्या आहेत. तेथील निरीक्षकही आपल्या विषयास कधी स्पर्श करू शकत नाही. त्याच्या हाती येतात ते विद्युत्संकेत. परंतु ज्याची प्रखरता आधीच ठाऊक आहे अशा ‘३सी २८६’ सारख्या उगमाकडे तो प्रथम दुर्बीण वळवितो, त्या ज्ञात प्रखरतेशी यंत्राचे आकडे जुळवून घेतो, आणि मगच अज्ञात उगमाविषयी बोलतो. हे प्रमाणीकरण झाले नाही तर आकडे मिळतात, मापन होत नाही. अन्नवर्जनाच्या प्राणि-प्रतिमानात उंदराचे वजन व चाकाचे फेरे हे आकडे आहेत; त्यांचा ज्ञात उगम म्हणजे रुग्ण होय. रुग्णाच्या निरीक्षणाशी ते किती वेळा ताडून पाहिले गेले, यावर त्यांचे मोल ठरते.

ऐतिहासिक क्रमाने पाहता पहिले यश शस्त्राने मिळाले. मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतक भागातील मध्यवर्ती केंद्रास इजा केल्यास उंदीर लठ्ठ होतात हे हेदरिंग्टन व रॅन्सन यांनी १९४० साली दाखविले. त्याच भागाच्या बाहेरील बाजूस दोन्हीकडे सूक्ष्म इजा केल्यास उंदीर व मांजरे समोरचे अन्न टाकून मरेपर्यंत उपाशी राहतात, हे बालकृष्ण आनंद व जॉन ब्रोबेक यांनी येल विद्यापीठात १९५१ साली सिद्ध केले. आनंद यांनी पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाशास्त्राची परंपरा उभी केली. भारतीय संशोधकाचा या क्षेत्रातील हा वाटा मूलभूत आहे. परंतु अन्नवर्जनाचे प्रतिमान म्हणून हा प्रयोग अपुरा पडतो. त्या प्राण्याची खाण्याची प्रेरणाच नष्ट झाली होती आणि त्याच्या मेंदूत प्रत्यक्ष व्रण होता. रुग्णाच्या मेंदूत असा व्रण नसतो. हे खऱ्या अर्थाने क्षुधानाशाचे प्रतिमान होय, आणि रुग्णास क्षुधानाश नसतो.

दुसरा व सर्वांत प्रसिद्ध प्रकार म्हणजे चाकाचा प्रयोग. १९५४ साली हॉल व हॅनफर्ड यांनी आणि १९६७ साली राउटेनबर्ग व कुझनेसॉफ यांनी दाखविले की, उंदरास दिवसातून एकच तास अन्न दिले व उरलेला वेळ त्याला फिरते चाक मोकळे ठेवले, तर तो दिवसेंदिवस अधिक धावतो, अन्नाच्या तासात कमी खातो, आणि प्रयोग न थांबविल्यास मरतो. या प्रयोगाची रचना तर्कदृष्ट्या फार सुरेख आहे. चाक आहे पण अन्न मुबलक आहे, असा उंदीर जगतो. अन्न एकच तास आहे पण चाक नाही, असा उंदीर काही दिवसांत त्या तासात पुरेसे खाण्यास शिकतो व तगून राहतो. मृत्यू दोहोंच्या संयोगातच आहे. १९८३ साली एप्लिंग, पिअर्स व स्टेफान यांनी यावरून सिद्धांत मांडला की अन्ननियंत्रणाने हालचाल वाढते, वाढलेल्या हालचालीने खाणे घटते, आणि हे चक्र स्वतःच स्वतःला चालविते.

हे साम्य रुग्णाच्या बाबतीत कितपत खरे आहे हे ठरविण्यास एक मानवी प्रयोग साहाय्यक ठरतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस १९४४-४५ मध्ये मिनेसोटा येथे ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांस २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने उतरले. त्यांचे मन अन्नाने व्यापले, ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, त्यांच्यात उदासीनता आली. म्हणजे रुग्णांत दिसणारा अन्नाचा ध्यास हा पुष्कळ अंशी उपासमारीचाच परिणाम आहे. परंतु ती माणसे मंद झाली, हालचाल टाळू लागली. उलट अन्नवर्जनाच्या अनेक रुग्णांस स्वस्थ बसवत नाही. देह काठीसारखा झाला तरी त्या चालत राहतात. हा विशेष मिनेसोटाच्या माणसांत नाही आणि चाकावरच्या उंदरात आहे. चाकाच्या प्रतिमानाचे खरे बळ येथे आहे.

तथापि याच ठिकाणी त्याची पहिली दुर्बलताही दिसते. उपाशी उंदराचे धावणे हे रानातील उंदराच्या अन्नशोधाचे पिंजऱ्यातील रूप असू शकते. तसे असेल तर उंदीर अन्नाकडे धावत आहे आणि रुग्ण अन्नापासून. चाकाचे फेरे दोन्ही पक्षी सारखेच मोजले जातात. दुसरे असे की, ज्या तपमानात हे प्रयोग केले जातात ते साधारणतः माणसाच्या सोयीचे, २१-२२ अंशांच्या आसपासचे असते. चरबी झडलेल्या लहान प्राण्यास ते थंड आहे. स्पेनमधील गुत्येरेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, सभोवतालची उष्णता वाढविली तर धावणे कमी होते आणि उंदीर पुन्हा वजन धरू लागतात. तेव्हा धावण्याचा काही भाग मनोव्यापाराचा नसून ऊब टिकविण्याचा आहे, असे मानावे लागते. या निष्कर्षावरून रुग्णांस ऊब देण्याचा उपाय सुचला. परंतु २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीत तापविलेल्या बंड्या घातलेल्या रुग्णांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. भाकिताच्या कसोटीवर प्रतिमान येथे उतरले नाही.

तिसरा प्रकार आनुवंशिक. १९८४ साली मॉल्टेस व सहकाऱ्यांनी ज्याला इंग्रजीत ‘माउस’ म्हणतात त्या लहान उंदरात एका अप्रभावी उत्परिवर्तनाची नोंद केली. ज्या पिलांत ते दोन्ही बाजूंनी येते ती दूध कमी पितात, वाळतात आणि काही आठवड्यांतच मरतात. त्यास ‘ॲनोरेक्सिया’ हेच नाव देण्यात आले. खाण्याचे नियमन करणाऱ्या मज्जापेशींविषयी या पिलांनी पुष्कळ शिकविले यात संशय नाही. परंतु नावाच्या साम्यापलीकडे, आईच्या दुधावरचे मरणोन्मुख पिलू आणि यौवनाच्या उंबरठ्यावर अन्न नाकारणारी मुलगी यांत साम्य शोधणे कठीण आहे. औषधशास्त्राच्या निबंधांतही ‘ॲनोरेक्सिया’ म्हणजे केवळ खाणे कमी होणे असाच अर्थ असतो. एकच शब्द दोन अर्थांनी वापरल्यामुळे निबंधाच्या प्रयोगभागात एक गोष्ट सिद्ध होते आणि उपसंहारात दुसरीच सिद्ध झाल्यासारखी भासते. हा दोष प्रयोगाचा नसून परिभाषेचा आहे, म्हणून तो सुधारणे अधिक सोपे आहे.

चौथ्या प्रकारासाठी प्रयोगशाळेत जाण्याचेही कारण नाही. खोडद, नारायणगाव, मंचर या पट्ट्यातील कोणत्याही शेतकरी घरास खुडूक कोंबडी ठाऊक असते. ती अंड्यांवर बसली की दाणे टाकले तरी उठत नाही, आणि पिले निघेपर्यंत रोडावते. पाळीव कोंबडीची पूर्वज जी तांबडी रानकोंबडी, तिच्यावर शेरी, म्रोसोव्हस्की व होगन यांनी १९८० साली जो अभ्यास प्रसिद्ध केला तो याच घटनेचा होय. अन्न घरट्याजवळ ठेवले तरी ती थोडेच खाते. तिला मुद्दाम उपाशी ठेवून मग अन्न दिले तर ती अधिक खाते खरी. परंतु बसण्यापूर्वीच्या वजनापर्यंत जात नाही, त्या दिवशी जे उतरते वजन असावयाचे तेवढे भरून काढते व थांबते. म्हणजे तिची भूक शाबूत आहे. शरीर ज्या वजनाचे रक्षण करते तो अंकच ठरावीक क्रमाने खाली सरकला आहे. अन्नवर्जन हे भुकेच्या अभावावाचूनही घडू शकते, याचा याहून स्वच्छ पुरावा क्वचितच मिळेल. या प्रतिमानाकडे चाकाच्या मानाने फार कमी लक्ष गेले आहे, ही खेदाची गोष्ट होय. अर्थात कोंबडीचे अन्नवर्जन पिलांसाठी आहे व ते वेळेवर संपते. रुग्णाचे तसे संपत नाही.

महाराष्ट्रात याच्या आसपास जे कार्य झाले आहे त्याची दखल या संदर्भात घेणे आवश्यक आहे. पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या आनंदवर्धन हर्डीकर यांनी, चित्तरंजन याज्ञिक प्रभृतींच्या सहकार्याने, विस्टार जातीच्या उंदरांस पन्नास पिढ्या अपुऱ्या आहारावर ठेवून त्यांच्या चयापचयाचा अभ्यास केला आणि तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. पुढे दोन पिढ्या पुरेसा आहार देऊनही मधुमेहाकडील त्यांचा कल सुधारला नाही. प्रतिमान म्हणून हा प्रयोग आदर्शवत् आहे, कारण ज्या घटनेचे ते प्रतिमान आहे, म्हणजे दारिद्र्यातील पिढ्यान्‌पिढ्यांची उपासमार, तिचे कारण आणि उंदराच्या बाबतीतले कारण एकच आहे : दोन्हीकडे अन्न बाहेरून तोडले गेले. कारणसाम्याची कसोटी येथे प्रयोगाच्या रचनेतच पुरी होते. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात निशिकांत सुभेदार, दादासाहेब कोकरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कार्ट’ या मेंदूतील प्रथिनांशाचे अन्नसेवन, चिंता व औदासीन्य यांच्याशी असलेले नाते उंदरांत तपासले. एकाकी ठेवलेल्या उंदरांच्या खाण्यातील त्याची भूमिका २०११ साली मांडण्यात आली. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत झेब्रा माशाच्या मेंदूत या प्रथिनांशाची चार जनुके व शरीरातील ऊर्जेनुसार त्यांत होणारे फरक २०१४ साली नोंदविले गेले. या कार्याचा गुण असा की ते भुकेच्या यंत्रणेविषयी बोलते आणि मानवी विकाराचा दावा उगाच करीत नाही. विशेषतः एकाकीपणा, चिंता व खाणे यांना एका सूत्रात पाहण्याची नागपूरची दृष्टी मोलाची आहे. कारण रुग्णांत या तीन गोष्टी क्वचितच सुट्या आढळतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. ज्या रुग्णांशी प्रतिमान ताडून पाहावयाचे ते रुग्ण कोणते? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासात १६,९९२ रुग्ण व ५५,५२५ इतर व्यक्ती होत्या. त्यातून आठ जनुकस्थाने पुढे आली, आणि विकाराची मुळे मनोविकारांप्रमाणेच चयापचयातही आहेत असे सूचित झाले. हा निष्कर्ष प्राणि-प्रतिमानांस अनुकूल आहे, कारण चयापचय उंदरासही आहे. परंतु हे सर्व रुग्ण युरोपीय वंशाचे होते. भारतीय रुग्णांचे चित्र निराळे असू शकते. दिल्लीहून १९९५ साली खंडेलवाल, शरण व सक्सेना यांनी पाच तरुणींचा वृत्तांत दिला. त्या अन्न नाकारीत होत्या, कृश झाल्या होत्या, त्यांची ऋतुप्राप्ती थांबली होती. परंतु आपल्या देहाविषयीची विपरीत कल्पना त्यांच्यात आढळली नाही, आणि अतिरिक्त हालचालही आढळली नाही. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनीही लठ्ठपणाची भीती नसलेले रुग्ण वर्णिले आहेत.

या निरीक्षणाचे दोन परिणाम परस्परविरुद्ध दिशांनी जातात आणि दोन्ही स्वीकारले पाहिजेत. उंदरास लठ्ठपणाची भीती नसते, म्हणून त्याचे प्रतिमान निरर्थक, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. सर्व रुग्णांतच ती भीती नसेल तर हा आक्षेप दुबळा होतो. भीती हा विकाराचा गाभा नसून एका समाजाने त्यास दिलेली भाषा असू शकेल. परंतु त्याचबरोबर अतिरिक्त हालचालही सर्व रुग्णांत नसेल तर चाकाच्या प्रतिमानाचे जे खास बळ वर सांगितले तेही सार्वत्रिक राहत नाही. पाच तरुणींवरून सिद्धांत उभारता येत नाही हे खरे. पण प्रमाणीकरण अजून झालेले नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

औषधांच्या बाबतीत भाकिताची कसोटी काय सांगते? २००० साली एक्सनर व सहकाऱ्यांनी दाखविले की चरबीतून स्रवणारे लेप्टिन दिल्यास अर्धपोटी उंदरांचे धावणे थांबते. रुग्णांतही लेप्टिन अत्यल्प असते. २०२० साली काही थोड्या रुग्णांस लेप्टिनसदृश औषध दिल्यावर अस्वस्थता व औदासीन्य कमी झाल्याचे वृत्त आले. ते आशादायक आहे, परंतु तेथे तुलनेचा गट नव्हता. ओलान्झापिन या औषधाने २००५ साली उंदरांचे धावणे कमी झालेले आढळले. २०१९ साली १५२ प्रौढ रुग्णांवरील सोळा आठवड्यांच्या चाचणीत वजन थोडेसे वाढले, पण मनाची लक्षणे लक्षणीय सुधारली नाहीत. हे फल उद्बोधक आहे. प्रतिमान देहाविषयी काही अंशी खरे बोलते आणि मनाविषयी मौन राहते.

या सर्वांतून जो निर्णय निघतो तो असा. अन्नवर्जनाचे दोन भाग पाडले पाहिजेत : ते सुरू कसे होते, आणि सुरू झाल्यावर थांबत का नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चाकाचा उंदीर देऊ शकत नाही. त्याच्या बाबतीत अन्नाचे झाकण प्रयोगकर्त्याने लावलेले असते. पहिला घास कोणी व का नाकारला, हे रुग्णाच्या घरात, शाळेत व समाजातच शोधावे लागेल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याने दिले आहे, आणि ते लहान नाही. उंदरास रूपाचा अभिमान नाही, व्रत नाही, आईबापांवर राग नाही. तरीही विशिष्ट परिस्थितीत तो रोज समोर येणारे अन्न अपुरे खाऊन मरणाकडे जातो. यावरून क्षीण झालेला देहच क्षीणतेचे चक्र पुढे फिरवू शकतो असे दिसते. ज्या घरात मुलगी जेवत नाही त्या घरात प्रथम ‘हट्ट’ हा शब्द उच्चारला जातो आणि पुढे कित्येक महिने त्या शब्दानेच तिच्याशी व्यवहार होतो. तो शब्द अपुरा आहे, आणि प्रथम वजन सावरणे हा उपचाराचा अटळ भाग आहे, असे सांगण्यास जीवशास्त्राचा हा आधार पुरेसा आहे. याउलट विकार ‘केवळ मेंदूतला’ आहे असे सांगण्यास तो मुळीच पुरेसा नाही.

प्राण्यांचा क्लेश निवारण्याविषयीचा १९६० चा कायदा व त्याखालील समिती प्रयोगकर्त्याकडून प्रयोजनाचा खुलासा मागते. ज्या प्रयोगाचा नैसर्गिक शेवट मृत्यू आहे त्याच्या बाबतीत हा खुलासा औपचारिक राहता कामा नये. प्राण्यास ठरावीक वजनघटीनंतर बाहेर काढण्याची आज रूढ असलेली पद्धत योग्यच आहे. पण त्याहून मोठी दया म्हणजे उंदरास जे विचारता येत नाही ते त्याला न विचारणे. निबंधात पिंजऱ्याचे तपमान, प्राण्याचे वय व लिंग यांचा स्पष्ट निर्देश असावा. ‘ॲनोरेक्सिया’ शब्द कोणत्या अर्थाने वापरला ते पहिल्याच परिच्छेदात सांगावे. आणि उपसंहारात रुग्णाचा उल्लेख करावयाचा तर कोणत्या रुग्णाच्या कोणत्या लक्षणाशी ताडून पाहिले ते नमूद करावे. नागपूर व पुणे येथे भुकेच्या यंत्रणेचे ज्ञान आहे, आणि त्याच शहरांत मानसोपचाराची रुग्णालयेही आहेत. या दोहोंतील अंतर तोडले गेले तर मराठी रुग्णाच्या निरीक्षणावर प्रमाणित झालेले प्रतिमान येथेच सिद्ध होऊ शकेल. तोपर्यंत उंदराने जे सांगितले आहे तेवढेच त्याच्या नावावर मांडावे. उरलेले रुग्णास विचारावे.